डेलियाचा डोळा


पाऊस ओसरला, की डेलियाचे कंद लावायला घ्या.

मेक्सिकोचं हे राष्ट्रीय फूल, तिथल्या डोंगराळ भागातलं.
त्याला ऊन हवं.
साचलेलं पाणी मात्र मुळीच सोसत नाही.

कंद हातात आला, की आधी त्याचा डोळा शोधा.
बटाट्याला अंगभर डोळे असतात.
डेलियाचं तसं नाही.
त्याचा डोळा फक्त मानेशी असतो,
कंद जुन्या खोडाला चिकटलेला असतो, तिथेच.
बारीकसा, गुलाबीसर फुगवटा दिसेल.
मान मोडलेला कंद कितीही गुबगुबीत असो,
तो फुटत नाही.
म्हणून गड्डा सुटा करताना
प्रत्येक कंदासोबत खोडाचा तुकडा राहू द्या.

आता लावणी.
कंद आडवा ठेवा, डोळा वर.
त्यावर चार-पाच बोटं भुसभुशीत माती.
आधाराची काठी तेव्हाच रोवा,
नंतर रोवली तर कंदात घुसते.
कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी बेतानं.
पुढे पानांच्या तीन-चार जोड्या आल्या, की शेंडा खुडा.
जिवावर येतं, तरी खुडाच.
फांद्या फुटतात, फुलं वाढतात.

आणि श्रोतेहो, रोपवाटिकेत कंद घेताना मान नीट पाहून घ्या.
डोळा दिसला, तरच कंद घ्या.