उतरलेला कपडा, निवडलेला कपडा
(झरी जामणी येथील महिला मेळाव्यातील भाषण)



कपड्यांचा विषय किरकोळ वाटेल, पण तो आपल्याच शेतात सुरू होतो. आपला तालुका कापसाचा. वेचणीला वाकते ती बाई, आणि तिची मजुरी ठरते किलोवर. तोच कापूस जिनिंगमधून सूतगिरणीत आणि पुढे कपड्यांच्या कारखान्यात जातो. तिथे मशीनवर बसलेली असते तीही बहुधा बाईच.

24 एप्रिल 2013 ला बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते. इमारतीतली बँक बंद राहिली, शिवणकाम करणाऱ्यांना मात्र आत घातले. 1,100 हून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक बायाच होत्या. स्वस्त कपड्याची खरी किंमत त्यांनी मोजली.

म्हणून शहरातल्या मैत्रिणी म्हणतात, नवे घेऊ नका, जुने वापरा. मला ते पटते. आपल्याला ते नवीनही नाही. दारोदार भांड्यांवर जुने कपडे घेणारी बोहारीण ते निवडते, धुते, शिवते, बाजारात विकते. तिने आपले कितीतरी कपडे उकिरड्यापासून वाचवले, पण तिच्या कामाला कुणी काम म्हटले नाही.

तरीही जुना कपडा म्हटले की आपल्यातल्या अनेकींच्या मनात कळ उठते. दलितांना सवर्णांची उतरलेली, एवढेच नव्हे तर प्रेतावरचीही वस्त्रे वापरावी लागत. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, अस्पृश्यतेची खूण सांगणारा पेहराव टाका, स्वच्छ, नीटनेटके राहा. तो लढा लाचारीविरुद्ध होता. तेव्हा आपल्याला जुने वापरा असा उपदेश करण्याआधी, ज्यांची कपाटे भरलेली आहेत त्यांनी नव्याची खरेदी थांबवावी. दया म्हणून अंगावर टाकलेला कपडा वेगळा आणि पारखून, घासाघीस करून, दाम मोजून घेतलेला वेगळा.

आणखी एक. आपण जुने घेतले म्हणून शिवणारीची मजुरी वाढत नाही. राणा प्लाझानंतर मे 2013 मध्ये कामगार संघटनांनी मोठ्या कंपन्यांना सुरक्षिततेच्या बंधनकारक करारावर सह्या करायला लावल्या. ते संघटनेमुळे झाले.

म्हणून जुने घ्या, पण ताठ मानेने. बोहारणीला योग्य मोल द्या. आणि वेचणीचा दर ठरवताना एकेकटीने जाऊ नका, सगळ्या मिळून बसा. धाग्याचे पहिले टोक आपल्या हातात आहे.