पडत्या दगडाची चित्रे
(हितचिंतकांच्या सभेत केलेले भाषण)



सातपुड्यातल्या आपल्या वसतिगृहातली मुले घरी पावरी बोलतात आणि विज्ञान शिकतात पुस्तकी मराठीत. ‘गुरुत्व त्वरण’ हा शब्द दहावीचा मुलगा घडाघडा म्हणतो. म्हणजे काय, असे विचारले की खाली बघतो. लोक त्याला मंद समजतात. मला ते पटत नाही.

आम्ही शब्द बाजूला ठेवला. भिंतीला मोजपट्टी लावली, तिच्याजवळून दगड सोडला आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये टिपला. सेकंदाला २४० चित्रे! मुले एकेक चित्र सरकवत मोजतात. पहिल्या २४ चित्रांत दगड साधारण ५ सेंटिमीटर खाली येतो, पुढच्या २४ मध्ये १५, त्यापुढच्या २४ मध्ये २५. “दादा, दर वेळी दहाने वाढतंय!” हे त्यांनीच शोधले; मग मी फळ्यावर तो शब्द लिहिला. मोठा दगड घेतला तरी आकडे तेच. यावर मात्र भांडण जुंपले, आणि जेवणाची घंटा कोणी ऐकली नाही.

अमेरिकेत हॅरोल्ड एजर्टन यांनी १९५७ साली दुधाच्या थेंबाचा मुकुट रंगीत छायाचित्रात पकडला, तो खास विजेच्या दिव्यांनी. आम्हाला दुपारचे ऊन पुरते.

असा मोबाइल सध्या एकच आहे. मुले चाळीस, मागे बसणाऱ्या मुलींना पडदा दिसतच नाही. तुमच्या कपाटात स्लो मोशनचा जुना मोबाइल पडून असेल तर द्या. काच तडकलेली चालेल. सिमकार्ड नको.