लस आणि लोकांचा विश्वास



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल, की हा डॉक्टरांचा प्रांत. आपल्याला त्यातले काय कळणार? परंतु विषय आपल्या घरातलाच आहे. गोवर एकदा येऊन गेला, की सहसा पुन्हा येत नाही, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. का येत नाही, एवढेच तिला कोणी सांगितले नव्हते.

रोगजंतू शरीरात शिरला, की रक्तातील काही पांढऱ्या पेशी त्याच्या अंगावरील विशिष्ट खुणा ओळखतात आणि त्या खुणांना नेमकी बसतील अशी प्रथिने तयार करू लागतात. हीच प्रतिपिंडे. ज्या कुलपाची किल्ली त्यालाच लागावी, तसा हा प्रकार. गोवराचे प्रतिपिंड घटसर्पाला चालत नाही. पहिल्या वेळी या तयारीला आठवडा-दीड आठवडा लागतो आणि तेवढ्यात रोग आपला डाव साधतो. मात्र रोगी बरा झाल्यावरही काही पेशी ती ओळख जपून ठेवतात, आणि तोच शत्रू पुन्हा आला, तर त्याला फार लवकर गाठतात. लस तरी दुसरे काय करते? मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू, अथवा त्याची नुसती एखादी खूण, ती शरीराला दाखविते. आजार न भोगता ओळख पटते.

तत्त्व सोपे आहे. ते लोकांच्या गळी उतरविणे अवघड. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात तुटपुंज्या साधनांनिशी लस तयार केली. प्लेगचे जंतू वाढवायचे आणि उष्णतेने मारायचे, अशी ती रीत. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली टोचणी त्यांनी स्वतःला करून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना. संरक्षण पूर्ण नव्हते, पण टोचलेल्यांत आजार आणि मृत्यू कमी झाले. त्याच वर्षी पुण्यात रोगी शोधण्यासाठी सैनिक घराघरांत शिरत होते. ज्या सरकारने उंबरठ्याचा मान ठेवला नाही, त्याच्या सुईवर लोकांनी विश्वास कसा ठेवावा?

पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सारे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांचे काम थांबले. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, ही गोष्ट मागाहून उजेडात आली. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली आणि १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले.

यातून काय घ्यायचे? शास्त्र खरे असून भागत नाही. बाटलीचे बूचही स्वच्छ हवे आणि चूक झाली तर ती उघडपणे तपासली गेली पाहिजे. म्हणून नागरिकांनी प्रश्न अवश्य विचारावेत. मात्र उत्तर मिळाल्यावर ते ऐकण्याचीही तयारी असावी.

कारण हा प्रश्न एकट्याचा नाही. गोवर इतका सांसर्गिक आहे, की त्याला थोपवायला शंभरातील सुमारे ९५ जण सुरक्षित असावे लागतात. आपल्याकडे त्याची पहिली लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. तोवर त्या बाळाची राखण बव्हंशी शेजारपाजारची टोचलेली मुले करतात. आपल्या मुलाला लस न देणारा मनुष्य दुसऱ्याच्या पाळण्याशी खेळत असतो.

ज्या रोगाला आपण भीतीपोटी ‘देवी’ म्हटले, त्याचा भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली तो जगातून गेल्याचे जाहीर झाले. हे काम गावोगाव दंड पुढे करणाऱ्या साध्या माणसांचेही आहे. आज घरी गेल्यावर मुलानातवंडांचे लसीचे कार्ड काढा आणि एखादी टोचणी राहिली आहे का, ते पाहा. एवढे केलेत, तरी हे व्याख्यान सार्थकी लागले असे मी समजेन.