डोंगरातील सायकलवाट : आधी पाण्याचा विचार
(पेठ वडगाव येथे सरपंच, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



डोंगरी सायकल शर्यतीला १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. आपल्या पश्चिमेस जोतिबा-पन्हाळ्याच्या सोंडा व घळी आहेत. तेथे तरुणांसाठी सायकलवाट असावी, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र तिच्या आखणीतील पहिला प्रश्न सायकलीचा नसून पाण्याचा आहे.

सरळ उताराने काढलेली वाट पावसाळ्यात ओहोळ बनते. मुरूम वाहून जातो आणि गाळ खालच्या शेतात, तलावात साचतो. खेळ एकाचा, नुकसान दुसऱ्याचे! म्हणून वाट डोंगराला आडवी, वळसे घेत न्यावी. तिचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून कमी व सरासरी शंभर मीटरला दहा मीटरच्या आत असावा. वाट दरीकडे किंचित कलती ठेवावी आणि ठिकठिकाणी खोलगट भाग देऊन पाणी बाहेर काढावे. घळ ओलांडताना मातीचा भराव न घालता दगड बसवावेत. भर पावसात वाट बंद ठेवावी.

जागेचा सातबारा आधी पाहावा. वनजमीन असल्यास वनखात्याची परवानगी घ्यावी. २०२५ मध्ये पन्हाळगड जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला आहे; त्याच्या तटबंदीपासून वाट दूरच असावी. गुराख्यांच्या व भाविकांच्या पायवाटांनाही धक्का लागू नये. हे सर्व ग्रामसभेपुढे मांडावे.

शिक्षकांना एक विनंती आहे. एका पावसाळ्यात डोंगरावरचे पाणी कोठून उतरते, ते विद्यार्थ्यांकडून पायथ्यावरून टिपून घ्यावे. तो नकाशा हाती आल्यावरच कुदळ उचलावी.