कान एक, शब्द दोन
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू ते स्पॅनिशचं काय करतेस, त्यावर थोडं बोल. पण आम्हाला कळेल असं बोल." म्हणून मी आज कानाबद्दल बोलणार आहे. हा विषय आपल्या वर्गाच्या चांगल्या परिचयाचा आहे, मागच्या दोन बाकांना तर विशेषच.

आपल्याकडे बाहेर दिसतो तो कान आणि आत ठणकतो तोही कान. पीटीच्या सरांनी पिरगाळला तो कान, आणि त्यांचं सांगणं ज्यात शिरलं नाही तोही कानच. स्पॅनिशमध्ये मात्र याला दोन शब्द आहेत. हाताला लागणारा, बाहेरचा कान म्हणजे 'ओरेहा'. आतला, ऐकणारा कान म्हणजे 'ओईदो'. दोन्ही लॅटिनमधून आलेले. 'ओरेहा'च्या मुळाशी 'छोटा कान' असा अर्थ आहे, तर 'ओईदो'च्या मुळाशी 'ऐकणं' आहे. ऑडिओ, ऑडिटोरियम हे आपले रोजचे शब्द त्याच कुळातले.

मी शिकत होते तेव्हा शब्दकोशात 'कान'साठी हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापलेले पाहिले, मध्ये फक्त स्वल्पविराम. मी समजले, समानार्थी आहेत. 'ओरेहा' जिभेवर पटकन बसला, म्हणून तोच वापरू लागले. वर्गात कुणी फारसं अडवलं नाही. वाक्य व्याकरणाने बरोबर असायचं ना!

पुढे मी स्पेनमध्ये दुभाष्याचं काम करू लागले. नुकतीच सुरुवात होती. मुलाकडे राहायला आलेल्या एका आजींना दवाखान्यात न्यायचं होतं. मुलगा कामावर, सून बाळंतीण, म्हणून मला बोलावलं. आजी मला म्हणाल्या, "कान फार दुखतोय गं." मी डॉक्टरांना सांगितलं, यांचा 'ओरेहा' दुखतोय. डॉक्टरांनी साहजिकच बाहेरचा कान पाहिला. आजींच्या कानात कुड्या होत्या आणि भोकाजवळ थोडी लाली होती. त्यांनी मलम लिहून दिलं, काही दिवस कुड्या काढून ठेवा म्हणाले. आजी मान डोलावून घरी आल्या. परक्या देशात डॉक्टरांना उलट काय विचारायचं, असं त्यांना वाटलं असणार.

रात्री त्यांना ताप भरला. दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. या वेळी मी आधी आजींनाच विचारलं, "आजी, नेमकं कुठे दुखतंय?" त्या म्हणाल्या, "अगं, आत. पार आत. कालपासून तेच तर सांगतेय." मी डॉक्टरांना म्हटलं, 'ओईदो'. त्यांनी लगेच बॅटरी लावून कानाच्या आत पाहिलं. पडद्याच्या मागे संसर्ग झाला होता. औषध सुरू झालं आणि आजी बऱ्या झाल्या. पण एका शब्दापायी त्यांनी एक रात्र जास्त सोसली, ते मी विसरलेले नाही. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, म्हणून तर अजूनच नाही.

त्यानंतर मी शब्द पाठ करणं सोडलं आणि तो कुठे राहतो ते पाहू लागले. स्पेनमध्ये वाढदिवसाला जितकी वर्षं झाली तितक्या वेळा कान ओढायची गंमत आहे. तिथे 'ओरेहा', कारण हातात येतो तो बाहेरचा कान. कानउघाडणीलाही ते 'कान ओढणं'च म्हणतात, तिथेही 'ओरेहा'. आपण 'या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं' म्हणतो, अगदी तशीच म्हण त्यांच्याकडे आहे, पण त्यात 'ओईदो' येतो. गाण्याचा कान असणं म्हणजे चांगला 'ओईदो' असणं. स्वरलिपी न पाहता नुसतं ऐकून वाजवणं, तेही 'ओईदो'ने. आपल्या वर्गातली पेटी अशीच वाजायची, आठवतंय ना?

एक वाक्प्रचार मला बरेच दिवस कोड्यात टाकत होता. लॅटिन अमेरिकेत लक्ष देऊन ऐकायला 'ओरेहा उभा करणं' म्हणतात. ऐकायचंय, मग 'ओईदो' का नाही? आणि एकदम आपलं 'कान टवकारणं' आठवलं. टवकारला जातो तो बाहेरचाच कान! जे स्पॅनिश कोशात उलगडलं नाही, ते मराठीने सांगितलं.

आपल्या मराठीच्या बाई समानार्थी शब्द लिहायला द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "आता प्रत्येकाचं वेगळं वाक्य करा." आपण कुरकुरायचो. अर्थ एकच आहे तर वाक्यं वेगळी कशाला? त्या वाक्यांतच सगळं होतं, हे मला आजींच्या दुखऱ्या कानापाशी कळलं. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी तेच करायला लावते, आणि तीही तशीच कुरकुरतात.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात म्हणून कबूल करते. तेव्हा तुमचं बोलणं आम्ही या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नव्हतं. थोडं आत राहिलं होतं. 'ओईदो'मध्ये.