शुश्रूषागृह, सरकार आणि मजुरीचा दर



आम्ही काही विद्वान नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे पगाराच्या चिठ्ठ्या, कायद्याची कलमे आणि वाचनालयातील वर्तमानपत्रे यांवर झाले. तेव्हा साथीच्या रोगाविषयी वैद्यकीय ज्ञानाची अपेक्षा आमच्याकडून करू नये. परंतु रोग कोणत्या वाटेने चालत येतो, हे कधीकधी हजेरीपटातही दिसते. एवढेच आज सांगावयाचे आहे. उदाहरण कॅनडाचे आहे.

त्या देशात वृद्ध व परावलंबी माणसांसाठी शुश्रूषागृहे आहेत. काही सरकारी, काही धर्मादाय, काही नफ्यासाठी चालविलेली. शुश्रूषेचा बराचसा खर्च मात्र प्रांतिक सरकारे देतात. मार्च २०२० मध्ये कॅनडात कोविडने पहिला बळी घेतला, तो ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील अशाच एका गृहातील रहिवाशाचा. पहिल्या लाटेचा हिशेब लागला तेव्हा दिसले, की देशातील दर १०० कोविड-मृत्यूंपैकी सुमारे ८० मृत्यू या गृहांतले होते. देश श्रीमंत, इस्पितळे मोठमोठी; आणि मरण आले ते नेमके जेथे माणसे सांभाळण्यासाठी ठेवली होती तेथे!

असे का व्हावे? म्हातारपण हे एक कारण खरेच. एका खोलीत चारचार खाटा, हे दुसरे. पण तिसरे कारण आमच्या धंद्यातले आहे. तेथील आया सकाळची पाळी एका गृहात करीत आणि संध्याकाळची दुसऱ्या. हौस म्हणून नव्हे. एका ठिकाणच्या मजुरीत घर चालत नव्हते म्हणून. ब्रिटिश कोलंबियात २००२ साली एक कायदा झाला. त्याने आरोग्यसेवेतील कामगारांचे करार मोडून कामे कंत्राटाने देण्याची वाट मोकळी केली. २००७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही कलमे घटनाबाह्य ठरविली. परंतु मधल्या काळात मजुरी घसरावयाची ती घसरली होती. बाई दोन गृहांच्या पायऱ्या झिजवू लागली, आणि २०२० मध्ये तिच्या पावलांबरोबर रोगही चढला. दोष बाईचा म्हणावा काय?

आता सरकारांनी काय केले ते पाहू. ब्रिटिश कोलंबियाने मार्च २०२० मध्येच हुकूम काढला, की एका कामगाराने एकाच गृहात काम करावे. पण हुकुमाबरोबर पैसाही दिला आणि कमी मजुरी संघटित कामगारांच्या कराराच्या दरापर्यंत आणली. ओंटारियोने असाच हुकूम एप्रिलच्या २२ तारखेपासून लागू केला. कंत्राटी संस्थांमार्फत येणारे कामगार मात्र त्यातून वगळले. मजुरीत तासाला ४ डॉलर वाढ दिली, तीही १६ आठवड्यांपुरती. कामगार कमी पडले, तेव्हा सैन्य बोलवावे लागले. सैनिकांनी पाच गृहांत काय पाहिले? झुरळे, सडलेले अन्न, कित्येक आठवडे अंघोळ न घातलेली माणसे, हाका मारून तासतासभर वाट पाहणारे वृद्ध. आणि वस्तू वापरल्या तर खर्च होतो, म्हणून हात आखडणारे कर्मचारी! एप्रिल २०२१ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, तोवर त्या प्रांतातील गृहांत जवळजवळ ४,००० रहिवासी दगावले होते. क्वेबेक प्रांताने २०२० च्या उन्हाळ्यात वेगळा मार्ग धरला: सुमारे १०,००० नव्या सेवकांची भरती, आणि शिकतानाच तासाला २१ डॉलर.

कोणी म्हणेल, ‘सरकारने पैसा ओतला तर मालकच गब्बर होईल.’ शंका रास्त आहे. म्हणूनच पैशाला अट हवी. इंग्लंडने मे २०२० मध्ये ६० कोटी पौंडांचा निधी गृहांना दिला, तेव्हा अपेक्षा घातली, की आजारामुळे घरी राहिलेल्या कामगाराला पूर्ण पगार मिळावा. याचा अर्थ साधा आहे. पगार कापला जाणार असेल, तर बाई खोकला दाबून कामावर येते. पगाराची हमी असेल, तर घरी राहते. तेवढ्याने म्हातारा वाचतो.

आता आमचीच एक गोष्ट. फार वर्षांपूर्वी एका वृद्धाश्रमातील सहा आया आमच्या कचेरीत आल्या होत्या. रजा नाही, रात्रपाळीचा भत्ता नाही, अशी त्यांची तक्रार. आम्ही म्हणालो, “बायांनो, तुम्ही सहाजणी, सहाजणींची कसली युनियन?” चहा पाजून त्यांना परत पाठविले. कारखान्याचे फाटक हेच आम्हांस जग वाटत होते. २०२० साली कॅनडाच्या बातम्या वाचल्या तेव्हा त्या सहाजणी आठवल्या. पुढे त्यांचा पत्ता शोधला, लागला नाही. ते ओझे आमचे आहे, ते दुसऱ्याच्या डोक्यावर देता येत नाही.

श्रोतेहो, आपल्या गावातही वृद्धाश्रम उभे राहत आहेत. तुम्ही आईवडिलांसाठी जागा पाहावयास जाल, तेव्हा बाग पाहाल, देव्हारा पाहाल, जेवण चाखाल. आमची एवढीच विनंती, की रात्री पाळीवर असणाऱ्या बाईला विचारा: पगार किती, आणि ताप आला तर रजा मिळते काय? तिचे उत्तर ऐकून मग पैसे भरा. आणि मत मागावयास येणाऱ्यालाही तोच प्रश्न करा.