रोजची मूठ

(नायगाव, जि. नांदेड येथील भाषण)



लक्ष्मीबाई पाटील यांचा त्याग सर्वश्रुत आहे. साताऱ्याचे वसतिगृह १९२४ मध्ये सुरू झाले. मुलांच्या भोजनाची भ्रांत पडली तेव्हा कर्मवीर भाऊरावांच्या या सहधर्मचारिणीने अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. या त्यागापुढे मस्तक नमते. परंतु संस्थेची चूल पेटती राहावी म्हणून कार्यकर्त्याच्या घरचे सोने मोडावे लागावे, हे समाजाला भूषणावह नव्हे.

भाऊरावांनी मुष्टिफंडाची प्रथाही रुजविली. गृहिणीने दळणातले मूठभर धान्य मुलांसाठी बाजूला काढावे, एवढीच अपेक्षा. मूठ लहान, पण तिच्यामुळे संस्थेचे स्मरण घराघरांत जागते राही.

नायगावच्या शिवारात सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरी येते, तूर आणि हरभरा त्यानंतर. खर्च मात्र सुगीची वाट पाहत नाही. जूनमध्ये वह्या-पुस्तके लागतात, शिक्षकांचे मानधन दरमहा द्यावे लागते. वर्षातून एकदाच पावतीपुस्तक घेऊन निघणारी संस्था एका अवर्षणाने वा अतिवृष्टीने कोलमडते.

म्हणून मोठ्या देणगीदारांचा मान राखूनही शंभर घरांची अल्प, नियमित वर्गणी हाच पाया मानावा. कुणी दरमहा रोख द्यावी, कुणी सुगीला पायलीभर धान्य द्यावे. वर्गणीसाठी जाणाऱ्याने आधीच्या खर्चाचा हिशेब सोबत न्यावा, मुलांची प्रगती सांगावी. पाऊस दगा देईल त्या वर्षी वर्गणी मागू नये, पण त्या घरी जाणे थांबवू नये. संकटात विचारपूस करणारी संस्था समाजाला आपली वाटते.